अंगावर पाजताना आईचं अंग दुखत असेल, तर आधी बैठक बघा

बाळंतिणीला बघायला कुणीही आलं की पहिला प्रश्न दुधाचा असतो. "दूध येतंय न्हवं?" आत्या विचारते, शेजारच्या काकी विचारतात, मालिशवाली मावशी तर रोज विचारते. मान दुखते का, मनगट धरलंय का, पाठीला आधार आहे का, हे कुणी विचारत नाही. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे बाळंतिणी येतात त्या बहुतेक उशिरा, सवा महिना उलटून गेल्यावर. तोवर घरात पावडरच्या दुधाचा डबा आलेला असतो आणि "मलाच दूध नाही" हे बाईनं मनाशी पक्कं केलेलं असतं. मी म्हणते, आता माझ्यासमोर पाजायला बस. ती बसते, आणि पुष्कळदा मला दिसतं की दुधाचा काही दोष नाही. बसणं चुकलंय, किंवा बाळाची मान एका बाजूला आखडलीय.

पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी, सासवांसाठी, नवऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याला यंत्र लावणं, एवढंच अजून पुष्कळांना वाटतं. आमचं काम स्नायू, सांधे, नसा, श्वास आणि हालचाल यांच्याशी आहे, आणि अंगावर पाजणं ही आई आणि बाळ दोघांची शारीरिक हालचालच आहे. नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी रोजचे ४ ते ६ तास झाले. आदल्या आठवड्यात बाळंत झालेली बाई, ओटीपोट सैल, गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध अजून ढिले, झोप नाही, आणि ती रोज पाच तास मान खाली घालून बसते. गिरणीत पाच तास वाकून बसणाऱ्या माणसाला आपण पाठीला आधार घ्यायला सांगतो. बाळंतिणीला सांगतो, "होतंच असं, सोसायचं."

सोसायचं नाही. दुखणारी आई आखडते, आखडली की पान्हा फुटायला वेळ लागतो, बाळ चिडतं, आई आणखी आखडते. दुखणं आणि ताण यांनी पान्हा अडतो, हे शरीराचं साधं शास्त्र आहे. पाठ मोकळी करणं हा दुधाचाच उपचार आहे.

आधी पवित्रा

आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. पाय कुठं, कंबर कुठं, वजन कशावर, हे आधी बघतो. बाळंतिणीचंही तसंच आहे. बाळ हातात घेण्याआधी बैठक लावा.

खुर्चीवर बसत असाल तर पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या आणि कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. पाय अधांतरी नकोत, खाली पाट घ्या. बाजेवर किंवा पलंगावर असाल तर मधोमध बसू नका, भिंतीकडे सरका. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर खुशाल बसा, पण बुडाखाली वाकळेची जाड घडी घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहते आणि पाठ आपोआप सरळ होते. दुसरी वाकळ किंवा दोन उशा मांडीवर ठेवा, इतक्या उंच की बाळ स्तनाच्या पातळीला येईल. विकतच्या नर्सिंग पिलोची गरज नाही. आपल्या आज्ज्यांच्या वाकळा हे काम उत्तम करतात.

पाणी हाताशी ठेवा. आता खांदे कानांपासून खाली सोडा, तोंडाने एक लांब श्वास सोडा, आणि मग बाळ मागा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बाळ मांडीवर खाली असतं आणि आई वाकून स्तन बाळाच्या तोंडाशी नेते. उलट करा. बाळ स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नको. हे एक वाक्य पाठ झालं तरी निम्मी पाठदुखी थांबते.

तोंड, हनुवटी, मान

बाळ तुमच्याकडे पूर्ण वळलेलं हवं, पोटाला पोट. पाठीवर झोपवून नुसतं तोंड वळवलेलं बाळ नीट गिळू शकत नाही. स्वतः मान खांद्याकडे वळवून एक घोट पाणी प्यायचा प्रयत्न करा, म्हणजे त्याची अडचण कळेल. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत ठेवा. बाळाचं नाक तुमच्या बोंडासमोर येऊ द्या. बोंड वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की पाठीला आधार देऊन त्याला जवळ घ्या. आधी हनुवटी टेकते, मग तोंड भरतं.

डोकं मागून दाबू नका. डोक्यामागे हात दाबला की बाळ उलट मागे जोर लावतं, आणि घरचे म्हणतात, "बाळ अंगावर घेतच न्हाई." तळवा त्याच्या खांद्यांच्या मधे ठेवा, बोटांनी मानेला आधार द्या, डोकं थोडं मागे जायला मोकळं राहू द्या.

नीट लागलेलं बाळ कसं ओळखायचं? तोंडात नुसतं बोंड नसतं, भोवतीचा काळसर भागही असतो, खालून जास्त, वरून कमी. खालचा ओठ बाहेर उलगडलेला, हनुवटी टेकलेली, नाक मोकळं. नाक दबत असेल तर स्तन बोटाने दाबू नका, बाळाचं बूड स्वतःकडे ओढा, नाक आपोआप सुटतं. सुरुवातीला भराभर चोखणं, मग संथ लय आणि अधूनमधून गिळण्याचा आवाज. पहिले काही क्षण ओढल्यासारखं वाटेल, पण पूर्ण वेळ कळ येत असेल, किंवा बाळाने सोडल्यावर बोंड पेन्सिलीच्या टोकासारखं तिरकं, चपटं दिसत असेल, तर पकड वरवरची आहे. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दहा वेळा लागलं तरी पुन्हा लावा. तशीच सोसत राहिलात तर भेगा पडतात.

बाळ लागल्यावर स्वतःकडे परत या. खांदे वर आलेत का? मनगट मुडपलंय का? मान सतत बाळाकडे झुकलीय का? बाळाला बघावंसं वाटणारच, बघा, पण मधेच समोरच्या भिंतीकडेही बघा.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, थेंबाथेंबाने येतो. तेवढाच पुरतो, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. एका गोष्टीचं मला खरोखर वाईट वाटतं. गंगावेशीत म्हैस डोळ्यांदेखत पिळून ताजं दूध पिणारं आपलं गाव, म्हशीच्या चिकाचा खरवस वाटून खाणारं, आणि बाईचा चीक मात्र "जुनं दूध" म्हणून पिळून टाकायला सांगणारी घरं इथे अजून आहेत. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्या, पहिले ६ महिने पाणीसुद्धा नको, मध नको, बाळगुटी नको. पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि दोन आठवड्यांत बाळाचं वजन जन्माच्या वजनाला परत आलं असेल, तर दूध पुरतंय. बाळ रडतं म्हणजे दूध नाही, हे गणित चूक आहे.

सिझेरियन झालं असेल तर

टाक्यांवर बाळाचं वजन येऊ देऊ नका. दोन पद्धती कामाच्या आहेत. एक, कुशीवर झोपून: पाठीमागे लोड, गुडघ्यांमध्ये उशी, डोक्याखाली उशी, बाळ तुमच्याकडे तोंड करून. दुसरी, बगलेतली: बाळाचं अंग तुमच्या बगलेखालून, पाय मागे पाठीकडे, डोकं स्तनाशी, खाली उशांचा थर. जुळ्यांनाही हीच सोयीची. झोपून पाजताना झोप येतेय असं वाटलं तर घरातल्या कुणाला तरी जागं ठेवा, आणि सोफ्यावर बाळ घेऊन कधीही झोपू नका.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. आधी गुडघे मुडपा, अख्खं अंग एका कुशीवर वळवा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. खोकला, शिंक आली तर टाक्यांवर उशी धरून दाबा. पोटातून खोल श्वास पहिल्या दिवसापासून घ्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर चालायला लागा. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, पाण्याची घागरही नाही.

पोट घट्ट बांधण्याबद्दल मला रोज विचारतात. हलका आधार चालतो, चालताना बरंही वाटतं. पण श्वास कोंडेल इतकं करकचून बांधलं की दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो, आणि तेच स्नायू बाळंतपणात सर्वांत जास्त ताणलेले असतात. खोकताना लघवीचे थेंब जात असतील तर त्याला "बाईपण" म्हणून सोडून देऊ नका. त्यावर व्यायाम आहेत आणि ते काम करतात. व्यायामाने दूध आटतं हाही गैरसमज आहे, मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही.

दूध दाटलं, गाठ आली

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे घट्ट होतात. त्या वेळी घरात दोन गोष्टी सुरू होतात: कडक शेक, आणि गाठ मोडायची म्हणून जोरात रगडणं. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझंही असंच रगडलं गेलं. रडत रडत सहन केलं, आणि दुसऱ्या दिवशी सूज दुप्पट झाली. तेव्हा मी स्वतः फिजिओथेरपी शिकलेली होते, तरी त्या क्षणी कुणाला "नको" म्हणायचं बळ नव्हतं. म्हणून हे ठळकपणे सांगते.

दाटलेल्या स्तनात नुसतं दूध नसतं, ऊतींमध्ये पाणी साठून सूज आलेली असते. दुधाच्या नळ्या अतिशय नाजूक असतात. जोरात रगडलं की त्यांना इजा होते आणि सूज वाढते. स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये याबद्दलच्या सूचना सुधारल्या. जोरदार मालिश नको, गाठ फुटेपर्यंत पंपाने सारखं ओढणं नको, सुजेवर थंड शेक द्या, असा त्यांचा रोख आहे. जास्त ओढलं की शरीर आणखी दूध तयार करतं आणि कोंडी वाढते.

मग करायचं काय? उताणं झोपा. बोटं सपाट ठेवून, बाळाच्या गालावरून फिरवाल इतक्या हलक्या हाताने, स्तनावरून बगलेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे कातडी सरकवा. ऊतींमधलं साठलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकेच्या वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात, त्यांना जोर लागत नाही. पाजून झाल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं ठेवा. काळसर भाग इतका ताठ झाला असेल की बाळाला तोंडात धरता येत नाही, तर पाजण्याआधी बोंडाभोवती बोटं टेकवून छातीच्या दिशेने हळू दाब द्या, मिनिटभर धरा. तो भाग मऊ पडतो आणि बाळ लागतं. घट्ट ब्रा, तारेची ब्रा नको. पाजणं थांबवू नका, बाळाला भूक लागेल तसं दोन्ही बाजूंना पाजा.

गाठ दोन दिवसांत हलत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे अल्ट्रासाउंडचा उपचार असतो. सोनोग्राफीसारखंच दिसणारं छोटं यंत्र असतं, त्याच्या ध्वनिलहरींनी सूज उतरायला मदत होते. प्रत्येकीला गुण येतोच असं नाही, आणि तो एकटा उपचार नाही. त्यासोबत बैठक आणि पकड सुधारलीच पाहिजे, नाहीतर गाठ परत येते.

ताप, थंडी, स्तनावर लाल तापलेला पट्टा, अंग मोडून येणं, हे दिसलं की माझ्याकडे नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पू झाला असेल तर तो काढावा लागतो, तिथे कुठलंही यंत्र चालवायचं नसतं.

मनगट आणि पाठ

बाळाला काखेत दोन्ही हात घालून, अंगठे वर ताणून उचलायची सवय सगळ्यांनाच असते. दिवसातून तीस-चाळीस वेळा तसं उचललं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ यायला लागते. दार उघडताना, लंगोट पिळताना जीव जातो. यावर स्विस शल्यचिकित्सक द क्वेर्व्हाँ यांनी १८९५ मध्ये लिहिलं, म्हणून दुखण्याला त्यांचंच नाव आहे. उपाय उचलण्यात आहे. तळवे आकाशाकडे करा, एक हात बुडाखाली, दुसरा मान-पाठीखाली, सुपात धान्य घ्यावं तसं बाळ घ्या. पाजताना बाळाचं डोकं मनगटावर न पेलता कोपराजवळ किंवा उशीवर ठेवा. कळ राहिलीच तर अंगठ्याला आधार देणारा पट्टा काही आठवडे लागतो.

पाठीसाठी मी तीनच गोष्टी सांगते, कारण दहा सांगितल्या तर एकही होत नाही. प्रत्येक पाजणं झालं की खांदे मागे पाच वेळा फिरवा. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरा, पाच वेळा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे न्या, तीन लांब श्वास. दोन मिनिटं पुरतात.

बाळाची मान

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सर्वांत उशिरा लक्षात येतो. काही बाळं एका बाजूला छान पितात आणि दुसऱ्या बाजूला लावलं की किंचाळतात. घरात ठरतं, "या बाजूचं दूध त्याला आवडत नाही." बाळ झोपलेलं असताना बघा. डोकं नेहमी एकाच बाजूला कलतं का? तोंड नेहमी एकाच भिंतीकडे असतं का? डोक्याची एक बाजू चपटी होतेय का? मानेच्या एका बाजूच्या स्नायूत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छोटी गाठही लागू शकते. गर्भात जागा अपुरी पडल्याने किंवा प्रसूतीत ताण आल्याने हा स्नायू आखडतो. उजवा स्नायू आखडला तर डोकं उजवीकडे कलतं आणि हनुवटी डावीकडे वळते.

अशा बाळाला आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते मान तपासतील, खुब्याचे सांधेही तपासतील, कारण या दोन्ही गोष्टी काही बाळांत एकत्र आढळतात. मग फिजिओथेरपी. पहिल्या ३ महिन्यांत सुरू झाली तर लवकर सुटते. मान हलकेच कशी ताणायची हे आम्ही आईला स्वतःच्या हातांनी करायला शिकवतो. जागं असताना बाळाला थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा. ज्या बाजूला ते वळत नाही त्या बाजूने बोला, तिथे खुळखुळा वाजवा. मानेला झटका देऊन "कट्ट" करणाऱ्या कुणाच्याही हातात बाळ देऊ नका.

पाजायची एक युक्तीही आहे. समजा, डाव्या बाजूला मांडीवर नेहमीसारखं पाजलंत. आता बाळाला न फिरवता, त्याच कुशीवर तसंच उजव्या स्तनाकडे सरकवा, पाय उजव्या बगलेखालून मागे जातील. बाळाच्या मानेला काही बदललेलं कळत नाही, आणि "न आवडणारी" बाजू ते गुपचूप पितं. मान सुटेपर्यंत असं करा.

प्रसूतीनंतर बाळ एक हात हलवत नसेल, किंवा त्या कुशीवर घेतलं की रडत असेल, तर खांद्याच्या नसांना किंवा गळ्याच्या हाडाला इजा असू शकते. तेही लगेच दाखवा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट वेगळी आहे. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो, त्याआधी बाळ "आळशी" नसतं. ओठ, गाल, हिरड्या यांना ठरावीक पद्धतीने स्पर्श करून चोखण्याची तयारी करून घेता येते, पण ती शिकलेल्या हातांनीच. घरच्यांच्या हातात असलेलं मोठं औषध म्हणजे कांगारू पद्धत: फक्त लंगोट आणि टोपी घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, जमेल तितके जास्त तास. आई दमली की बाबांनी घ्यायचं.

मालिशवाल्या मावशींशी बोलताना

मालिश बंद करा असं मी कधीच म्हणत नाही. पायांवर बाळ घेऊन तेल लावणारे ते हात पुष्कळदा फार जाणते असतात. फक्त चार गोष्टी मावशींना गोडीत सांगा: बाळाच्या छातीची बोंडं पिळायची नाहीत, नाकाकानात तेल घालायचं नाही, हातपाय झटकून किंवा उलटं टांगून व्यायाम द्यायचा नाही, आणि दूध पिऊन लगेच मालिश नाही. शेगडीचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नका.

कुठे जायचं, काय न्यायचं

आशाताई घरी येतात त्यांना मोकळेपणाने सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. कोल्हापुरात सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, बालरोग आणि फिजिओथेरपी विभागात विचारता येतं, कदमवाडीला डी. वाय. पाटील यांचं रुग्णालय आणि कसबा बावड्याला फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. खासगीत जात असाल तर फिजिओथेरपिस्टची राज्य कौन्सिलकडे नोंदणी आहे का आणि बाळंतिणी, नवजात बाळं यांच्यासोबत काम केलंय का, हे विचारा. विचारण्यात संकोच नको. सरकारी रुग्णालयात न्यायला-आणायला १०२ क्रमांकाची गाडी आई आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मोफत आहे.

पहिल्या भेटीला पाऊण-एक तास हाताशी ठेवा. डिस्चार्जचे कागद, बाळाच्या वजनाच्या नोंदी, घरी वापरता ती उशी किंवा वाकळ सोबत आणा. समोरून उघडणारा गाऊन किंवा ब्लाऊज घाला. सासूबाई किंवा नवरा, रात्री जो कुणी बाळ उचलून देतो त्याला बरोबर आणा, कारण उशी कुठं सरकवायची हे त्याने बघितलेलं बरं. आणि निघण्याआधी बाळाला पोटभर पाजून आणू नका. भुकेलं बाळ घेऊन या, म्हणजे तुम्ही कशा बसता आणि ते कसं पितं हे मला माझ्या डोळ्यांनी बघता येईल.